हिवराळे सर वाट चुकले नव्हते

सर गेल्याची बातमी आली तेव्हा मी सरांचीच नक्कल करत होतो. नांदुऱ्याच्या एका लग्नात, दुपारच्या जेवणात, हातात जिलबीची प्लेट घेऊन मी उभा. भोवती दहा-बारा पाहुणे. कमरेत किंचित वाकून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून मी त्यांना सातपुड्याच्या नाल्यात हरवलेला भूगोलाचा प्राध्यापक करून दाखवत होतो. नांदुऱ्यात माझं स्टेशनरीचं दुकान आहे, पण गावाला मी ठाऊक आहे तो माईकवाला म्हणून. लग्न असो, निरोप समारंभ असो, दुकानाचं उद्घाटन असो, सूत्रसंचालन माझ्याकडं. आणि माईक खाली ठेवला की कुणीतरी म्हणतंच, "उमाळे भाऊ, थे सरवाली सांगा ना!" मी थोडे आढेवेढे घेतो, तो खेळाचाच भाग, आणि सुरू करतो. त्या दिवशीही गोष्ट ऐन रंगात आली होती. सरांची ती दगडावरून दगडावर पाय टाकत जायची चाल दाखवताना मी मांडवाच्या खांबापर्यंत गेलो होतो आणि खिशात फोन वाजला. वैशाली वानखडे होती. सरांची विद्यार्थिनी, आता खामगावच्या त्याच कॉलेजात त्यांच्याच जागी शिकवते. "दादा, सर गेले," एवढंच म्हणाली. "सकाळी. झोपेतच..."

मी खांबाला टेकलो. पाहुण्यांना वाटलं, हेही नाटकातलंच. दोघं-तिघं हसलेसुद्धा.

आता जे लिहायला बसलोय ते आधीच सांगून टाकतो, नाहीतर माझ्या सवयीनं मी चार पानं इकडचं-तिकडचं रंगवत बसेन. ती गोष्ट खोटी आहे. सत्तावीस वर्षं मी ती सांगत आलो, निदान दोनेकशे वेळा तरी सांगितली असेल, आणि तिच्यात वाट चुकतात हिवराळे सर. त्या दिवशी सर चुकले नव्हते. मी चुकलो होतो. हे सरांना माहीत होतं आणि मला. ते मी त्यांच्यासमोर, चार लोकांत, तोंडानं म्हणायला हवं होतं. दरवर्षी वाटायचं, पुढच्या वर्षी म्हणू.

प्राध्यापक उत्तम हिवराळे आम्हाला बी.ए.ला भूगोल शिकवायचे. सडसडीत अंग, रंग उन्हानं रापलेला, शर्टाच्या खिशात कायम एक सुतळीचा तुकडा. वर्गात फळ्यावर सुंदर शुद्ध मराठी लिहायचे आणि फळ्याकडं पाठ केली की अस्सल वऱ्हाडी बोलायचे. त्यांनी कॉलेजात एक कोर्स सुरू केला होता. नोटीस बोर्डावर त्याचं नाव होतं 'निसर्गभ्रमण व नेतृत्व अभ्यासवर्ग'. आम्ही म्हणायचो रानकोर्स. थंडी ओसरता ओसरता सहा दिवस पंधरा पोरापोरींना घेऊन सर संग्रामपूरच्या पलीकडे सातपुड्याच्या पायथ्याशी जायचे. तिथं नकाशा वाचायचा, होकायंत्र धरायचं, गाठी मारायच्या, पाणी शोधायचं, जखमीला चादरीच्या झोळीतून उचलून आणायचं. मी नाव दिलं त्याची कारणं अगदी उदात्त होती. एक, सहा दिवस बापाच्या दुकानातून सुटका. दोन, मुलीही येणार होत्या.

पहिल्याच दिवशी सरांनी आमच्यापुढं कुदळ ठेवली आणि संडासाचा खड्डा कसा खणायचा याचं प्रात्यक्षिक दिलं. पाण्यापासून किती पावलं दूर, किती खोल, वर माती कशी लोटायची... एखादा पुजारी गाभाऱ्याची माहिती सांगेल इतक्या गांभीर्यानं. आम्ही तोंडात रुमाल कोंबून हसत होतो. मग त्यांनी प्रत्येकाला तीन-तीन आगकाड्या मोजून दिल्या. तीन काड्यांत चूल पेटली तर चहा, नाहीतर नाही. मी हुशार. मोज्यात अख्खी काडेपेटी लपवून आणली होती. दिवसभर चालून मोजा घामानं पिळून निघाला होता. मी झाडाआड जाऊन एकेक काडी ओढतोय, एकही पेटेना. परत येऊन साळसूदपणे बसलो तर सर चहाचा घोट घेत, माझ्याकडं न बघताच म्हणाले, "वाळल्या का बे काड्या?"

मी गार. पण पुढं काही नाही. ओरडणं नाही, उपदेश नाही. सरांना सगळं दिसायचं, ते फक्त बोलायचे नाहीत.

कोर्सची रीत अशी होती. रोज एकजण म्होरक्या. कुठून जायचं, कुठं थांबायचं, कुणी काय उचलायचं, सगळं त्यानं ठरवायचं. सगळ्यांत हळू चालणारा पुढं, मग बाकीचे, त्यांच्यामागं म्होरक्या आणि सगळ्यांत शेवटी सर. सकाळी निघताना सर एकच वाक्य बोलायचे, "आज मी नाही असं समजून चाला." आणि खरंच दिवसभर नसल्यासारखे असायचे. जिवावरचं काही दिसलं तरच तोंड उघडायचं, एरवी चुकू द्यायचं, असा त्यांचा नेम. दिवस मावळायच्या आधी सगळ्यांनी गोल बसायचं आणि प्रत्येकानं आज आपण काय चुकलो ते एका वाक्यात सांगायचं. त्यावर कुणी हसायचं नाही, कुणी शहाणपण शिकवायचं नाही. सांगितलं की विषय संपला. पहिल्यांदा सर स्वतः सांगायचे. "आज मी मीठ खाली गावातच विसरलो." "आज मी मंदाले उगीच घाई केली." प्राध्यापक माणूस पोरांसमोर चूक कबूल करतो, हे आम्ही तोपर्यंत पाहिलेलंच नव्हतं.

चौथ्या दिवशी म्होरक्या मी. बापरे, काय ऐट होती माझी! गळ्यात होकायंत्र, हातात नकाशा, डोक्याला रुमाल आणि पाठीवर भाकरीचा लोखंडी तवा. तवा म्होरक्यानंच न्यायचा अशी आणखी एक रीत होती. त्या दिवशी एका झऱ्यापर्यंत जायचं होतं. वाटेत एका ठिकाणी नाल्याला दोन फाटे फुटत होते. बाकीचे पुढं सावलीत थांबले होते, फाट्याशी मी आणि चार पावलांवर सर. आता नकाशा पसरायला काहीतरी सपाट हवं. खाली सगळे गोटे. मी मोठ्या रुबाबात पाठीवरचा तवा काढला, मांडीवर पालथा ठेवला, त्यावर नकाशा अंथरला आणि नकाशावर होकायंत्र ठेवलं.

ज्यांनी होकायंत्र हाताळलंय ते इथंच हसतील. ज्यांनी नाही, त्यांच्यासाठी सांगतो. होकायंत्राची सुई लोखंडाजवळ आली की उत्तर विसरते आणि लोखंडाच्या ओढीनं फिरते. हे सरांनी आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. चाकू, कुलूप, पट्ट्याचं बक्कल, काही म्हणजे काही जवळ ठेवायचं नाही. आणि मी चक्क तव्यावर होकायंत्र मांडून बसलो होतो. सुईनं डावा फाटा दाखवला. मी सरांकडं बघितलं. सर सालईच्या झाडाकडं बघत होते. मी हात वर केला आणि ओरडलो, "डावीकडं!"

दोन तास चाललो. नाला अरुंद होत गेला, दगड मोठे होत गेले, ऊन डोक्यावर आलं. बाटल्या रिकाम्या होत आल्या. मंदा बोदडे सगळ्यांत पुढं होती, बिचारी एका गोट्यावरून घसरली आणि तिचा पाय मुरगळला. आणखी थोडं पुढं गेलो तर समोर कोरडा कडा, वीसेक फूट उभा. रस्ता संपला. झऱ्याचं नाव नाही. सगळे घामेजलेले, वैतागलेले, माझ्याकडं वळले. गणेश राऊत माझा जिगरी दोस्त, तोच पहिला भडकला. "काऊन बे उमाळ्या? कोठी आणलं आम्हाले? तुले नकाशा समजते का नाई?"

मंदा दगडावर बसून पाय धरून रडत होती. एका क्षणात मला दिसलं की उद्यापासून कॉलेजात मी कोण असणार आहे. आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "मले काय म्हणतं? सरच म्हणले, डावीकडून चाल म्हणून!"

चौदा तोंडं सरांकडं फिरली. सरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला. "चला," म्हणाले, "मागं फिरू." मग त्यांनी आपल्या सॅकमधून पाण्याचे दोन कॅन काढले. सकाळपासून ते ओझं एकटे वाहत होते, आम्हाला पत्ताही नव्हता. मंदाला आधी पाजलं, मग सगळ्यांना, शेवटी कॅन माझ्यापुढं धरला. मी प्यालो. ते स्वतः प्यायले की नाही ते आठवत नाही... बहुतेक मी बघितलंच नाही.

संध्याकाळी गोल बसलो. सर म्हणाले, "आज मी गप्प राह्यलो." एवढंच. ज्यांना माहीत नव्हतं त्यांना ते काहीच कळलं नाही. एकेक करत माझी पाळी आली. सर जमिनीकडं बघत होते. मी म्हणालो, "आज माझ्या भाकरी करपल्या." हसायचं नाही असा नियम असूनही सगळे हसले, इतक्या गमतीत मी म्हणालो होतो ते.

त्या हसण्याची मला चटक लागली. महिनाभरात कॉलेजचं गॅदरिंग आलं आणि मी स्टेजवर एकपात्री केलं. सरांचा चष्मा, सरांची चाल, सुतळीचा तुकडा, आणि सातपुड्यात हरवलेला भूगोलाचा मास्तर आभाळाला रस्ता विचारतोय... हॉल डोक्यावर घेतला पोरांनी. सर पहिल्या रांगेत होते. हसून हसून डोळे पुसत होते. मी खाली आलो तर पाठीवर थाप मारून म्हणाले, "चाल तं हुबेहूब केली बे." मला बक्षीसही मिळालं.

पण गोष्ट स्टेजवरून खाली उतरली, गावोगाव गेली. मंदाचे वडील प्राचार्यांकडं आले. पाय मुरगळला याचं त्यांना काही नव्हतं, खेड्यातल्या पोरीचा पाय मुरगळायचाच. ते म्हणाले, ज्याला स्वतःला वाट कळत नाही त्याच्या भरवशावर तुम्ही पोरी रानात पाठवता? प्राचार्यांनी सरांना बोलावलं. सरांनी लिहून दिलं की त्या दिवशीची सगळी जबाबदारी त्यांची स्वतःची. कोर्स बंद झाला. तीन वर्षं. त्या तीन वर्षांत कॉलेजात आलेल्या किती पोरांनी सातपुडा फक्त नकाशावर पाहिला असेल, याचा हिशोब मी कधी मांडला नाही, मांडायची हिंमत नव्हती. माझं बी.ए. संपलं, मी दुकानात बसलो. एकदा थंडी ओसरायच्या दिवसांत खामगावच्या स्टँडवर सर दिसले. पाठीवर सॅक, एकटेच, संग्रामपूरच्या गाडीची वाट बघत.

"कुठी निघाले सर?"

"नाला जाग्यावर हाय का पाहून येतो," म्हणाले आणि हसले. मग गाडी लागली आणि ते चढले. मीही हसलो होतो. त्या हसण्याची आता लाज वाटते.

चौथ्या वर्षी नव्या प्राचार्यांनी कोर्स पुन्हा सुरू केला. सर निवृत्त झाले तरी तो थांबला नाही, मग वैशालीनं हाती घेतला. कोर्स पुन्हा सुरू झाला त्या वर्षापासूनच सरांनी एक नवी प्रथा पाडली. शेवटच्या दिवशी दुपारी मला तिथं बोलवायचं. मी नांदुऱ्याहून पेढ्यांचा डबा आणि चिवडा घेऊन जायचो. जेवणं झाली की सर पोरांना म्हणायचे, "हा उमाळे. लय चांगली गोष्ट सांगते." आणि माझ्याकडं वळून, "हं, सांग बे. मी वाट चुकलो थे सांग." मग ते रांगेच्या शेवटी मोहाच्या बुंध्याला टेकून बसायचे आणि ऐकायचे. मला वाटायचं, केवढा हा मोठेपणा! आपली चेष्टा स्वतःच्या पोरांसमोर स्वतःच करून घ्यायची! मी दरवर्षी आणखी मीठमसाला घालायचो. एकदा अस्वल घातलं. एकदा सरांना झाडावर चढवलं.

फक्त एका वर्षी माझी जीभ घसरली. बोलण्याच्या ओघात मी म्हणून गेलो, "आणि मग मांडीवर तवा ठेवला, तव्यावर नकाशा..." आणि थांबलो. मोहाच्या झाडाकडं बघितलं. सर टेकून बसले होते ते ताठ झाले होते. पोरं वाट बघत होती. मी म्हणालो, "...आणि सर म्हणाले, उमाळे, नकाशा राहू दे, आधी दोन भाकरी टाक!" हशा पिकला. सर पुन्हा टेकले.

सरांच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या, कार्यक्रमाला खामगावला गेलो. माणसं पांगल्यावर सरांच्या पत्नी, शालिनीकाकू, पुढच्या खोलीत एकट्या बसल्या होत्या. मी त्यांच्याजवळ खाली सतरंजीवर बसलो. माईकशिवाय बोलताना माझा आवाज असा बारीक येतो हे मला त्या दिवशी कळलं. "काकू," म्हटलं, "एक गोष्ट सांगायची होती. सरांना सांगायची राहिली."

"तव्याची ना?" काकू म्हणाल्या.

"तुम्हाले माहीत हाय?"

"कॅम्पवरून घरी आले त्याच दिवशी सांगतलं त्यायनं."

"मंग बोलल्या काऊन नाई कधी? सत्तावीस वर्षं मी तुमच्या घरी येऊन चहा पिऊन राह्यलो."

"मी काऊन बोलू? चूक तुही. तूच बोलशीन." काकू अगदी साधं सांगत होत्या, टोमणा नव्हता त्यात. "दरसाल कॅम्पवरून आले का मी विचारत जाय, काय म्हणे उमाळ्या? हात-पाय धुता धुता सांगत, 'तशीच सांगतली.'"

"रागावत होते?"

"राग? नाई बाप्पा. 'तशीच सांगतली' म्हणत अन् जेवायले बसत." मग त्यांना काही आठवलं आणि त्या चेहऱ्यावर मी सर गेल्यापासून पहिल्यांदा हसू पाहिलं. "एका साली मात्र दारातूनच हाक मारली मले. चप्पलबी नव्हती काढली. म्हणे, 'शाले, आज पोट्टा तव्यापर्यंत आलता!' लय खुशीत होते. त्या दिवशी एक भाकर जास्त खाल्ली."

मी तिथून कसा उठलो, काय बोललो, नक्की आठवत नाही. एवढं आठवतं की बाहेर येऊन चप्पल शोधत बराच वेळ उभा होतो आणि चप्पल मी आधीच पायात घातली होती. मी समजत होतो, सर मला दरवर्षी मान देऊन बोलावतात...

मागच्या आठवड्यात वैशालीचा फोन आला. "दादा, यंदा येता ना? सरांशिवाय पहिलंच साल. पोरं गोष्टीची वाट पाहून राह्यले." मी पेढ्यांचा डबा घेतला आणि गेलो. तीच जागा, पायथ्याशी, मोहाच्या झाडाखाली. जेवणं झाली. पोरं गोल बसली, सोळाजण, चेहरे उन्हानं तांबडे झालेले, हातांवर काट्यांचे ओरखडे. वैशालीनं ओळख करून दिली, म्हणाली, आता दादा सरांची सुप्रसिद्ध गोष्ट सांगणार. मी उभा राहिलो. चष्मा नाकावर ओढला नाही, वाकलो नाही. फाटा सांगितला, तवा सांगितला, डावीकडं म्हणून ओरडलो ते सांगितलं, आणि कड्यापाशी मी काय बोललो ते शब्दशः सांगितलं. कोर्स बंद पडला ते तीन हिवाळेही सांगितले. एरवी अर्धा तास चालणारी गोष्ट पाच मिनिटांत संपली. तव्याशी एक पोरगा खुदकन हसला, बाकी कुणी हसलं नाही. सांगून झाल्यावर टाळ्याही नाहीत. बरोबरच होतं, त्यांना पाच-सहा दिवसांत सवय लागली होती, कुणी चूक सांगितली की त्यावर काही करायचं नसतं. वैशाली खाली बघत गवताची काडी मोडत होती.

मग समोरच बसलेल्या एका मुलीनं हात वर केला. दोन वेण्या, गुडघ्यावर पट्टी बांधलेली. बहुधा आज तीच म्होरकी होती.

"काका," ती म्हणाली, "मंग सर काय म्हणले?"

"कधी?"

"तुम्ही त्यायले हे सांगतलं तेव्हा."

मी तोंड उघडलं. आजवर असं कधी झालं नाही की माणसं माझ्याकडं बघतायत आणि पुढचं वाक्य माझ्याजवळ नाही. सर टेकून बसायचे त्या मोहाच्या बुंध्याशी पोरांनी आपल्या सॅका रचून ठेवल्या होत्या. मी तिकडंच बघत राहिलो. काय म्हणाले असते? चष्मा पुसला असता? 'चला' म्हणाले असते? की नुसतेच उठून हात धुवायला गेले असते आणि घरी जाऊन काकूंना दारातूनच हाक मारली असती...

त्या मुलीनं पुन्हा विचारलं नाही. घाईही केली नाही. गुडघ्याभोवती हात बांधून ती उत्तराची वाट बघत बसली.